पेल्यातली राख

(सटाणा येथे देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेत झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. निरूपणाचा अभंग व मधली पदे येथे घेतलेली नाहीत.)

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!

बसून घ्या मायबाप. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. मार्गशीर्षातली थंडी आहे, आरम नदीकडून वारा सुटलाय, म्हाताऱ्या माणसांना मध्ये घ्या. लहान लेकरं झोपली तर झोपू द्या, त्यांना उठवू नका. मोठी माणसं झोपली तर मात्र शेजारच्यानं उठवायचं. (हशा)

आता जो अभंग गायला त्याचा विषय एका शब्दात सांगायचा तर ‘मी’. शास्त्रात याला स्वरूपविचार म्हणतात. मी कोण? देह म्हणजे मी नाही, कारण मी म्हणतो ‘माझा देह’. माझं घर म्हणणारा घराहून वेगळा असतो, माझी बंडी म्हणणारा बंडीहून वेगळा असतो. तसा माझा देह म्हणणारा देहाहून वेगळा. आमच्या गुरुजींनी लहानपणी हे इतक्या वेळा घोकून घेतलं की झोपेत विचारलं तरी सांगू. नाव म्हणजे मी नाही, नाव बाराव्या दिवशी ठेवलं, मी त्याच्या आधी होतो. अधिकार म्हणजे मी नाही, निवडणूक झाली की तो जातो. या सगळ्याला उपाधी म्हणायचं. वरून चिकटलेलं.

चिकटलेलं निघतं, हे वेदान्ताचं म्हणणं. पण महाराज, गावात काही उपाध्या अशा असतात की त्या चिकटल्या की जन्मात निघत नाहीत. माणूस सरपंच होता हे लोक पाच वर्षांत विसरतात. माणूस चोरी करताना सापडला हे वीस वर्षं विसरत नाहीत. आणि एक उपाधी तर अशी की ती खुद्द माणसानं टाकली तरी गाव उचलून परत त्याच्या अंगावर घालतं. ‘बेवडा.’

आज मी हा विषय का घेतला ते सांगतो. कीर्तन झालं की लोक पाया पडायला येतात. त्यात दर गावी दोन-चार बाया अशा येतात की पाया पडतात आणि उठत नाहीत. सगळी गर्दी पांगेपर्यंत तिथंच बसून राहतात. मग हळूच विचारतात, ‘महाराज, याले काही उपाय शे का?’ कशाला उपाय, ते सांगावं लागत नाही. मला कळतं, तुम्हालाही कळलं. चाळीस वर्षं कीर्तन करतोय, कळवणला विचारलं, देवळ्याला विचारलं, मालेगावला विचारलं, इथं सटाण्यात विचारलं. ब्रह्म सत्य की मिथ्या हे अजून एकाही बाईनं विचारलं नाही. तिचा वेदान्त वेगळा आहे. संध्याकाळी दारात जो येईल तो नवरा असेल की दारू असेल, एवढाच तिचा द्वैत-अद्वैताचा प्रश्न.

तर उपाय आहे का? आहे. पण आधी एक गोष्ट साफ सांगतो. ‘आमच्या घरात देव आहे, माळ आहे, आमच्याकडं हे व्हायचंच नाही’ असं कोणी म्हणू नका. यादवांच्या घरात कोण होतं? फोटो नव्हता हो, साक्षात भगवंत होते. जेवायला पंगतीत बसत होते. आणि ते यादव प्रभासक्षेत्री गेले, तीर्थावर गेले, आणि तिथं प्याले. पिऊन शब्दाला शब्द लागला. मुसळाच्या चुऱ्यातून उगवलेलं ते एरका गवत उपटलं आणि भावानं भावाला मारलं, बापानं मुलाला. श्रीकृष्ण समोर असताना. म्हणून देव घरात आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. देवानं हात धरायला आपला हात पुढं असावा लागतो, तो पेल्याला धरलेला असला तर देव कुठला हात धरणार?

आता महाभारतातलीच दुसरी कथा घेतो. सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपण ती अर्धीच ऐकतो.

देव आणि दैत्यांची लढाई. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य. त्यांच्याकडं संजीवनी विद्या, मेलेला दैत्य उठवायचे. देवांकडं ती नाही. म्हणून बृहस्पतींचा मुलगा कच, तो शुक्राचार्यांकडं शिष्य होऊन आला. गाई राखतो, फुलं आणतो, सेवा करतो. गुरूंची मुलगी देवयानी, तिचा त्याच्यावर जीव. दैत्यांनी ओळखलं, हा विद्या चोरायला आलाय. एकदा मारला, गुरूंनी उठवला. पुन्हा मारला, पुन्हा उठवला. तिसऱ्यांदा दैत्यांनी काय केलं? त्याला जाळलं, त्याची राख केली, आणि ती राख कशात घातली? मद्यात. आणि ते मद्य कोणाला पाजलं? खुद्द शुक्राचार्यांना.

थांबा इथं. शुक्राचार्य म्हणजे केवढा ज्ञानी. नीतिशास्त्र लिहिणारा. त्यानं पेला तोंडाला लावला आणि त्यात काय आहे हे त्याला कळलं नाही. इतका मोठा ज्ञानी, त्याला कळलं नाही! मग आपल्या बांधावरच्या माणसाला काय कळणार?

आता मला सांगा, आपल्या पेल्यात कोणाची राख असते? कांद्याची पट्टी घेऊन माणूस बाजार समितीतून निघतो. गाडी घराकडं वळायच्या आधी कुठं वळते? त्या पेल्यात कांदा असतो. ज्या बाईनं जानेवारीच्या पहाटे थंडीत वाकून रोप लावलं, तिची कंबर असते. डाळिंबाची बाग तेल्या रोगानं जाते, बरोबर, पण काही बागा तेल्यानं जात नाहीत, पेल्यानं जातात. मुलाच्या कॉलेजची फी असते. आईच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन असतं. हे सगळं जाळून, राख करून, पाण्यात कालवून आपण पितो. आणि चव कळत नाही. कळली असती तर घोट उतरला नसता.

(गजर : विठ्ठल विठ्ठल)

पुढं ऐका, इथून खरी कथा. देवयानी रडायला लागली, कच दिसत नाही. शुक्राचार्यांनी संजीवनीचा मंत्र म्हटला, हाक मारली, ‘कचा, कुठं आहेस?’ आवाज आला पोटातून. ‘गुरुदेव, मी तुमच्यात आहे.’

आता पेच पडला. कचाला बाहेर काढायचा तर गुरूचं पोट फाटणार, गुरू मरणार. नाही काढायचा तर कच मेला. दोन्हीकडून राख. तेव्हा शुक्राचार्यांनी काय केलं? पोटातल्या कचाला संजीवनी विद्या शिकवली. म्हणाले, आता तू बाहेर ये, मी मरेन, मग तू मला उठव. कच पोट फाडून बाहेर आला. समोर गुरू मरून पडलेले. आणि ज्याला गुरूनं पिऊन टाकलं होतं, त्यानंच गुरूला उठवलं.

लक्षात आलं का? ज्याला प्यालो, त्यानंच उठवलं. व्यसनातून उठलेल्या माणसाला कोण उठवतं? ज्यांची राख त्यानं प्याली, तीच माणसं. बायको, आई, पोर. पण एक अट आहे. आधी विद्या द्यावी लागली. शुक्राचार्यांनी आपली सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्यावर त्यांचा सगळा ताठा होता ती, पोटातल्या माणसाच्या स्वाधीन केली. ‘मी मरतो, तू उठव.’ जो माणूस म्हणतो की मला कोणाची गरज नाही, उद्यापासून माझी मीच सोडतो, त्याची उद्या येतच नाही.

आणि उठल्यावर शुक्राचार्यांनी पहिलं काय केलं? दैत्यांना शिव्या दिल्या नाहीत आधी. ‘तुम्ही मला कपटानं पाजलं’ असं म्हणत बसले नाहीत. म्हणाले, दोष मद्याचा, आणि मद्य पिणाऱ्याचा. आणि त्या दिवसापासून मद्यपानाला मर्यादा घातली, ब्रह्महत्येच्या जोडीला नेऊन बसवलं. स्वतः पिऊन स्वतः बंदी करणारा गुरू आहे हा! ज्यानं कधी प्याला नाही त्यानं सांगितलेलं पिणाऱ्याला पटत नाही, ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणतो. ज्यानं प्यालंय आणि सोडलंय त्याचं ऐकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

आमच्या कीर्तनकारांतले गाडगेबाबा. यांचं सगळ्यांना ठाऊक, खराटा ठाऊक, नाशिकची धर्मशाळा ठाऊक. पण बाबा दारूवर इतकं तळमळून का बोलायचे? त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. घर गेलं, देह गेला. डेबू तेव्हा अगदी लहान. आई सखुबाई त्याला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली, मामाच्या घरी ढोरं राखत ते पोर वाढलं. पुढं स्वतःच्या मुलीचं बारसं आलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं जातपंगतीला मटण आणि दारू लागायची. त्यांनी गोडाचं जेवण घातलं. लोक रुसले, नावं ठेवली. ठेवू द्या म्हणाले. बापाची राख ज्यानं पाहिली त्याला कोणाचं रुसणं काय वाटणार?

आता उत्तररंगाला येतो. नारदीय कीर्तनात उत्तररंगात आख्यान लावतात. आज मी पुराणातलं लावत नाही, आपल्याच काळातलं, पुण्यातलं लावतो. कोणी म्हणेल हे आख्यान कसं? अहो, अंबरीषाचं आख्यान होतं, तेव्हा अंबरीषही कोणाच्या तरी काळातलाच होता.

जुन्नर तालुक्यात ओतूर गाव आहे. वारकऱ्यांना ओतूर माहीत आहे, तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तिथली. त्या ओतुरात १९४४ साली एक मुलगा जन्मला, अनिल अवचट. शिकून डॉक्टर झाला, पण नाडी बघण्यापेक्षा लिहिण्यात मन रमलं. हमालांवर लिहिलं, विडी कामगारांवर लिहिलं, ज्यांच्याकडं कोणी बघत नाही त्यांच्यावर लिहिलं. बायको डॉक्टर सुनंदा, सगळे तिला अनिता म्हणायचे. ती येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द नावाचं विष आलं. ब्राउन शुगर. चांगल्या घरची कोवळी पोरं त्यात जायला लागली. अवचटांनी त्या पोरांवर लेख लिहिले. ते लेख पु. ल. देशपांडे यांनी वाचले. उभ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस, पण ते वाचून अस्वस्थ झाला. पु. ल. आणि सुनीताबाई, दोघांनी सांगितलं, या पोरांसाठी काहीतरी करा, पैसा आम्ही देतो. आणि २९ ऑगस्ट १९८६ ला, त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात, मुक्तांगण सुरू झालं.

मनोरुग्णालयाचं आवार म्हणजे लोकांनी ज्यांची आशा सोडली त्यांची जागा. तिथं अनिताबाईंनी अंगण काढलं. मारणं नाही, बांधणं नाही, अपमान नाही. पस्तीस दिवस राहायचं. सकाळी उठायचं, योगासनं, ध्यान, आपली झाडलोट आपण करायची. गोल बसून बोलायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. घरच्यांनाही बोलवायचं, कारण आजार एकट्याचा नसतो. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी वेगळा गट, त्याचं नाव ‘सहचरी’. ही बाई तर मला फार मोठी गोष्ट वाटते. पिणाऱ्याकडं सगळे बघतात, त्याच्या शेजारी जी बसलीय, जिला तीन वर्षं झोप नाही, तिला कोणी विचारत नाही की बाई तू जेवलीस का.

आणि शुक्राचार्यांची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती ना? मुक्तांगणात समजावून सांगणारे, रात्री उशाशी बसणारे, त्यातले कितीतरी जण स्वतः व्यसनातून उठलेले. पोटातून बाहेर आलेले कच. नवीन आलेला मुलगा थरथरत म्हणतो, तुम्हाला काय कळतंय. समोरचा हसतो आणि म्हणतो, मी याच खाटेवर होतो.

अवचट तिथं बासरी वाजवायचे, कागदाची चित्रं करायला शिकवायचे. कोणी म्हणेल, बासरीनं दारू सुटते का? नाही सुटत. पण सुटलेल्या हाताला काहीतरी धरायला लागतं. रिकामा हात जुन्या जागी जातो.

अनिताबाईंना पुढं कर्करोग झाला. आजार अंगावर घेऊन त्या काम करत राहिल्या. १९९७ साली गेल्या. लोकांना वाटलं, संपलं. संपलं नाही. ज्यांना त्यांनी उठवलं होतं त्यांनी ते घर उचलून धरलं. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढं नेलं. अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. मुक्तांगण चालू आहे. हे आख्यान इथं संपत नाही, रोज सकाळी पुढं चालतं.

(गजर : रामकृष्णहरि)

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. आपल्याच कसमादे भागातला एक गृहस्थ. नावगाव सांगत नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नका. उपचार घेऊन आला. सहा महिने झाले, थेंब नाही. मला भेटला, मी म्हटलं, वा, सुटली की! तो म्हणाला, ‘महाराज, दारू सुटली. पण संध्याकाळी सहा वाजता मी कोण, ते कळत नाही.’

मी चाळीस वर्षं ‘मी कोण’ यावर निरूपण करतोय. असं नेमकं मला कोणी विचारलं नव्हतं.

बघा, वीस वर्षं त्याची संध्याकाळ ठरलेली. मित्र ठरलेले, जागा ठरलेली, हसणं ठरलेलं, भांडण ठरलेलं. राग आला की प्यायचा, आनंद झाला की प्यायचा. दारू गेली तर तिच्याबरोबर मित्र गेले, संध्याकाळ गेली, राग कसा करायचा हेही गेलं. उरलं काय? घरी यावं तर पोरगी जवळ येते. मायेनं येते असं वाटतं, पण ती वास घ्यायला येते. कपाटाची किल्ली बायकोच्या कमरेला. भजनी मंडळात पूर्वी पखवाज वाजवायचा, तिथं गेला तर म्हणाले, आधी टाळ घ्या, बघू. लग्नात गेला तर हळदीच्या रात्री जुने मित्र म्हणतात, आज एक दिवस, आमच्यासाठी. आणि नाही म्हटलं तर मागून हसतात, ‘किती दिवस टिकतो बघू.’ पैजा लावतात हो! आपल्या यात्रेत बैलांवर लावत नाहीत एवढ्या माणसावर लावतात.

वेदान्तात रज्जुसर्प सांगतात. अंधारात दोरी बघितली, साप वाटला. दिवा आणला, दोरी दिसली, भीती गेली. पण इथं उलटंच. त्यानं दिवा लावलाय, दोरी स्वच्छ दिसतेय, आणि गाव उजेडात उभं राहून ओरडतंय, साप साप!

वाल्याची कथा आठवा. नारदांनी विचारलं, तुझ्या पापात घरचे वाटेकरी आहेत का, विचारून ये. तो गेला, विचारलं, सगळे नाही म्हणाले. इथंच त्याचे डोळे उघडले. पण दारुड्याच्या घरी ही कथा उलटी आहे. तिथं कोणी विचारत नाही, आणि सगळे वाटेकरी होतात. पोरगं शाळेत मान खाली घालतं, मुलीचं लग्न जमत नाही, म्हातारी शेजारणीशी खोटं बोलते की त्याला ताप आहे. वाटा मागितला नव्हता कोणी. म्हणून सुटल्यावरही त्यांचा विश्वास लगेच यावा ही अपेक्षा धरू नका. पोरगी वास घेते, घेऊ द्या. रोज घेऊ द्या. हजार वेळा घेतलेला वास हजार एकाव्या वेळी ती विसरेल. तिला रागावू नका.

इथं आपल्या देवमामलेदारांची आठवण येते. यशवंत महादेव भोसेकर, बागलाणचे मामलेदार. १८७०-७१ चा दुष्काळ. माणसं अन्नाविना मरायला लागली. आधी स्वतःच्या घरातलं दिलं, मग सरकारी तिजोरी उघडली. सव्वा लाखाच्या वर रक्कम वाटली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो, आणि तपासणीच्या वेळी तिजोरी भरलेली निघाली, हेही ऐकतो. त्या चमत्कारावर आज बोलत नाही. मला त्यातली किल्ली दिसते. लोकांनी त्यांना देव का म्हटलं? किल्ली हातात असताना ती कोणासाठी फिरवली, यावरून. आपल्या या गृहस्थाच्या हातात पूर्वी किल्ली होती, ती त्यानं एकाच दिशेला फिरवली. आता ती परत कधी द्यायची, हे त्याची बायको ठरवेल. मी सांगणार नाही, शेजाऱ्यांनी सांगू नये, सासऱ्यानं तर मुळीच सांगू नये.

आता एक वाद आहे, तो सोडवून पुढं जातो. व्यसनमुक्तीच्या ज्या बैठका चालतात, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, त्या १९३५ साली अमेरिकेत सुरू झाल्या. बिल नावाचा एक माणूस, सोडून काही महिने झालेले, परगावी धंद्यासाठी गेला. धंदा बुडाला. हॉटेलात एकटा, शेजारी बारमधला आवाज. जीव ओढ घेतोय. त्यानं काय केलं? तिथल्या चर्चना फोन लावत सुटला, मला या गावातला एखादा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय! लोक दारुड्यापासून पळतात, हा शोधत होता. भेटला तो एक डॉक्टर, बॉब. दोघं बोलत बसले. दोघंही वाचले. हा सत्संगच आहे, दुसरं काय?

त्या बैठकीत प्रत्येक जण उठून नुसतं पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, मी दारुडा आहे. वीस वर्षं थेंब न घेतलेलाही तेच म्हणतो. आमचे एक शास्त्रीबुवा माझ्याशी भांडले, हे वेदान्ताच्या विरुद्ध आहे, जीव शुद्ध आहे, त्यानं स्वतःला दारुडा का म्हणायचं? मी म्हटलं, बुवा, तुम्हाला साखरेचा आजार आहे. पेढा पुढं आला की काय म्हणता? ‘मला डायबेटीस आहे.’ तुमचा आत्मा काय डायबेटीसचा आहे? नाही. ते पथ्य आहे. तसं हे. परमार्थात तू शुद्ध आहेस, व्यवहारात तुझ्या शरीराला एक घोटही चालत नाही, हे दोन्ही खरं. आणि दुसरं, संतांनी स्वतःला पतित म्हटलं आहे. म्हणून आपण त्यांना पतित म्हणायचं का? जो शब्द माणूस नम्रपणानं स्वतःला लावतो, तो दुसऱ्यानं त्याला लावायचा नसतो. त्यानं म्हटलं तर साधना. पारावर बसून तुम्ही म्हटलं तर ती शिवी.

आता दोन गोष्टी अगदी व्यवहाराच्या, त्या नीट ऐका. पद नंतर म्हणू.

एक. खूप वर्षं, रोज पिणारा माणूस देवासमोर शपथ घेतो आणि एकदम बंद करतो. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप जाते. दोन-तीन दिवसांत काहीबाही दिसायला लागतं, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय म्हणतो, झटकेही येतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली, आणि भगताकडं नेतात. बाधा नाही ती. दारूची सवय झालेलं शरीर दारू तुटल्यावर असं करतं. त्यात माणूस दगावू शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्या, डॉक्टरला खरं सांगा किती पितो ते, औषधानं हे दिवस सुखरूप पार पडतात. शपथ नंतरही घेता येते. आणि चहातून, भाजीतून नकळत कसली गोळी-पावडर घालणं, जाहिरात बघून, ते तर करूच नका. वर तो प्याला तर जिवावर बेततं. आणि कळलं की उरलासुरला विश्वास जातो.

दोन. माळ. माळेनं कित्येकांची सुटली आहे, मी स्वतः पाहिलंय, मला माळेबद्दल शंका नाही. पण श्रावणात घातली आणि पोळ्याला खुंटीला टांगली, अशीही पाहिली. माळ ही कुलूप नाही, आठवण आहे. घालणाऱ्याला संगत द्या. वारीला घेऊन जा, हरिपाठाला बसवा, संध्याकाळी सहा ते आठ त्याच्या घरी जाऊन बसा. आणि घसरला एखादा दिवस, तर ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असं म्हणू नका. लहान मूल चालताना पडलं तर आपण म्हणतो का, याला चालता येणारच नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी परत दवाखाना, परत बैठक, परत टाळ.

हो, त्या गृहस्थाचं राहिलं. मी त्याला काय उत्तर दिलं? मी म्हटलं, संध्याकाळी सहाला तू कोण, ते मला ठाऊक नाही. पण सहाला तू काय करतोस ते ठरवू. म्हणाला, काय करू? म्हटलं, गाईची धार कोण काढतं? म्हणाला, बायको. म्हटलं, उद्यापासून तू काढ. तिथून सुरू झालं. पुढच्या वर्षी मी त्या गावी गेलो तर हा गोठ्यात होता, कीर्तनाला उशिरा आला, धोतराला दुधाचे शिंतोडे. मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला आत बोलावलं, बस म्हणाला, आणि पखवाज त्याच्या पुढं सरकवला. याचा हात थोडा अडखळला सुरुवातीला. चौघडीला अडखळला, मग बसला.

वेळ झाली. आरतीआधी दोन सूचना. मंडपाच्या डाव्या बाजूला मी थोडा वेळ बसणार आहे. ज्यांना बोलायचंय त्यांनी या, बायकोबरोबर आलात तर उत्तम, एकटे आलात तरी या, नाव सांगायची गरज नाही. आणि तरुण पोरांना विनंती, यात्रेच्या रात्री परत जाताना गाडी कुठं वळवायची नाही, सरळ घरी. उद्या सकाळी काल्याला सगळ्यांनी यायचंय, दही-लाह्या आणायच्यात, ज्यांना जमेल त्यांनी मंडळाकडं नाव द्या.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!